टीपीसी-सीचा आकडा आणि कारखाना
कारखान्याच्या सॉफ्टवेअरवरच्या पेपरात डेटाबेसचा वेग टीपीसी-सीने सिद्ध केलेला दिसला, की जरा थांबा. १९९२ची ही चाचणी घाऊक पुरवठादाराची आहे: गोदामं, ग्राहक, ऑर्डरी. मिनिटाला नव्या ऑर्डरी किती, हा तिचा मुख्य आकडा. ऑर्डरमधल्या सुमारे १ टक्काच ओळी दुसऱ्या गोदामातून येतात; त्यामुळे गोदामागणिक डेटा वाटा, सर्व्हर वाढवा, आकडा फुगतो. कारखान्यात मात्र एकच बोल्ट कितीतरी उत्पादनांत असतो. त्या बिल ऑफ मटेरियलची वाटणी कुठून करणार? ते तळापर्यंत उलगडायला रिकर्सिव्ह क्वेरी लागते, आणि ती या चाचणीत नाहीच! दोष चाचणीचा नाही हो, ती उसनी घेणाऱ्यांचा. तुम्ही आधी तुमचा वर्कलोड लिहा: बिल किती पातळ्यांचं, एका पाळीत नोंदी किती, आणि त्याच वेळी रिपोर्ट कोण काढतंय.