बटा मोजून बारसं

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात जुन्यापुराण्या वस्तू विकणारं एक दुकान. २०१८ साली तिथे एका टेबलाखाली, जमिनीवर, संगमरवरी पुरुषाचं डोकं ठेवलेलं होतं. गालावर किमतीची चिकटपट्टी: ३४.९९ डॉलर. एका बाईंनी ते विकत घेतलं, गाडीच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला आणि घरी नेलं. पुढे चौकशी झाली तेव्हा समजलं की ते दोनेक हजार वर्षांपूर्वीचं रोमन शिल्प आहे. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने आशाफेनबुर्गला पोम्पेईतल्या घराच्या नमुन्यावर ‘पोम्पेयानुम’ बांधलं होतं, तिथून ते दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत नाहीसं झालेलं. २०२३ मध्ये ते जर्मनीला परत गेलं. कुठलं, हा प्रश्न सुटला. कोणाचं, हा मात्र तसाच राहिला. कुणी ड्रूसस जेर्मानिकसचं नाव घेतलं, कुणी सेक्स्टस पॉम्पीचं.

रोमन मुखशिल्पांच्या अभ्यासाची आजची अवस्था या एका डोक्यात दिसते. नाव लिहायला रोमन लोक काही विसरत नव्हते, पण ते बहुधा चौथऱ्यावर लिहीत. पुढे चौथरे कुणाच्या तरी भिंतीत गेले, पुतळे चुन्याच्या भट्टीत गेले, आणि डोकी जिकडे तिकडे विखुरली. मुळात डोक्यांचा भरवसा रोमनांच्या हयातीतही नव्हता. पुतळ्यांची डोकी सर्रास बदलली जातात, अशी कुरकुर थोरल्या प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्याच शतकात करून ठेवली आहे. त्यामुळे १९४४ साली मोरोक्कोतल्या व्होलुबिलिसला छातीवर चक्क ‘कॅटो’ अशी अक्षरं असलेला ब्राँझचा अर्धपुतळा निघाला, हे अभ्यासकांना घबाडच वाटलं.

बाकीच्यांचं बारसं नंतरच्यांनी केलं, आणि ते करताना आपल्या मनातला माणूस दगडात पाहिला. याचा सगळ्यात झणझणीत नमुना म्हणजे सेनेका. नीरोचा गुरू, स्टोइक तत्त्वज्ञ, नीरोच्याच हुकमावरून शिरा कापून मेलेला. असा माणूस कसा दिसावा? खप्पड गाल, विस्कटलेले केस, खोल गेलेले डोळे, गळ्याच्या ताठलेल्या शिरा. असं एक मुखशिल्प बऱ्याच प्रतींत उपलब्ध होतं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ते सेनेका म्हणून रूढ झालं. चित्रकार रुबेन्सकडे त्याची एक प्रत होती. ‘चार तत्त्वज्ञ’ या त्याच्या चित्रात ती मंडळींच्या डोक्यावरच्या कोनाड्यात, ताजी फुलं वाहून, मांडलेली आहे. हर्क्युलेनियमला १७५४ मध्ये ब्राँझची देखणी प्रत निघाली, आणि शंका घेण्याचं कारणच उरलं नाही.

मग १८१३ साली रोममध्ये पाठीला पाठ लावलेली एक जोडमूर्ती मिळाली. एका बाजूला सॉक्रेटिस, दुसऱ्या बाजूला सेनेका, दोघांची नावं कोरलेली. हा सेनेका टकला, दुहेरी हनुवटीचा, चांगला खात्यापित्या घरचा. सेनेका अफाट श्रीमंत होता हे ग्रंथांत होतंच, पण तत्त्वज्ञ म्हटलं की हाडं दिसली पाहिजेत, असा वाचकांचा हट्ट. जोडमूर्ती आज बर्लिनला आहे. तो जुना खप्पड म्हातारा आता ‘नकली सेनेका’ या नावाने ओळखला जातो. बिचाऱ्याने स्वतः कधी सेनेका असल्याचा दावा केला नव्हता. तो ग्रीक कवी हेसिअड असावा, असा आता अनेकांचा कयास आहे.

चेहऱ्यावर विसंबायचं नाही, तर कशावर? पहिला आधार नाण्यांचा, कारण तिथे चेहरा आणि नाव शेजारीशेजारी असतात. पण नाणं बोटाच्या पेराएवढं, त्यात एकाच बाजूने दिसणारा चेहरा. संगमरवरी डोकं त्यावरून ताडून पाहणं सोपं नाही. म्हणून विसाव्या शतकात, मुख्यतः जर्मन अभ्यासकांनी, नजर कपाळावर नेली. ऑगस्टसच्या प्रतिमेत कपाळावरचे केस एका जागी दुभंगून दोन दिशांना वळतात, आणि थोडं पलीकडे दोन बटा समोरासमोर येऊन चिमटा होतो. नाक, ओठ, वय हे कारागिरागणिक बदलतं, बटांची ही मांडणी प्रांतोप्रांती टिकते. म्हणजे राजधानीतून ठरलेला नमुना जायचा आणि त्यावरून प्रती निघायच्या, असा तर्क. क्लाउस फिट्शेन, पाउल झँकर, डीट्रिश बोशुंग यांनी ही पद्धत इतकी काटेकोर केली की ऑगस्टसची दोनशेहून अधिक शिल्पं आज नेमक्या प्रकारांत लावता येतात. तो पंचाहत्तरी ओलांडून वारला, शिल्पांत मात्र शेवटपर्यंत तरणाबांड. बटा मोजल्या नसत्या तर हा माणूस सापडलाच नसता.

ही पद्धत उत्तम आहे, पण सम्राटांच्या घरापुरती. राजधानीतून गेलेले ते मूळ नमुने कुणी पाहिलेले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. शिवाय प्रजा सम्राटासारखे केस ठेवी. झँकर यांनीच दाखवून दिलं की एका काळातले खाजगी चेहरेसुद्धा दरबारी चेहऱ्याकडे झुकतात. स्त्रियांच्या शिल्पांत तर सम्राज्ञीच्या केशरचनेवरून दशक सांगता येतं, पण बाई कोण ते सांगता येत नाही. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातल्या ‘फोन्सेका’ शिल्पात मधाच्या पोळ्यासारखा कुरळ्यांचा उंच डोलारा आहे, एकेका कुरळ्यात गिरमिटाने पाडलेलं भोक आहे. फोन्सेका हे पूर्वीच्या संग्राहकांचं नाव. तिचं स्वतःचं आपल्याकडे नाही.

त्यात पुन्हा घडवलेली डोकी. सम्राट डोमिशियन ९६ साली मारला गेला, त्याच्या आठवणी पुसण्याचा ठराव झाला, आणि कान्चेलेरिया शिल्पपटात त्याचा चेहरा तासून पुढचा सम्राट नेर्व्हा याचा केला गेला. संगमरवर महाग, टाकून कोण देणार? अशा शिल्पात कानामागचे केस एकाचे आणि कपाळ दुसऱ्याचं निघतं. तासल्यामुळे डोकं धडाच्या मानाने लहान होतं, आणि चोरी तिथेच पकडली जाते.

एवढं सगळं माहीत असूनही सीझर म्हटलं की भल्याभल्यांचा तोल जातो. तुस्कुलमला १८२५ साली सापडलेलं, आता तुरीनला असलेलं डोकं सीझरचं, हे १९४० मध्ये मॉरित्सिओ बोर्दा यांनी मांडलं. लांब सुरकुतलेली मान आणि टाळूवरचा खोलगटपणा इ.स.पू. ४४ च्या नाण्यांशी जुळतो. हा दावा बराच टिकून आहे. २००७ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला ऱ्होन नदीच्या तळातून आलेल्या डोक्याचं तसं नाही. पुढच्याच वर्षी, सीझरच्या हयातीतली ही त्याची सर्वांत जुनी प्रतिमा, असा गाजावाजा झाला. आर्ल ही सीझरने वसवलेली वसाहत, हा मोठा आधार. झँकर आणि इतिहासकार मेरी बिअर्ड यांना ते पटलं नाही. शिल्प अप्रतिम आहे, त्याच्या तोंडाशी पडलेल्या सुरकुत्या पाहत राहाव्यात अशा आहेत. फक्त तो एखादा स्थानिक प्रतिष्ठित असेल तर तेवढ्याने त्याचं मोल उतरायचं कारण नव्हतं. पण त्याचा पेपरात मथळा होत नाही.

आता यंत्रंही या कामाला लागली आहेत. २०२० मध्ये डॅनियल व्होशार्ट यांनी संगणकाच्या मदतीने सम्राटांचे रंगीत, घाम फुटेल इतके जिवंत चेहरे तयार केले आणि ते जगभर फिरले. पाहायला मजा येते. मात्र यंत्राला जी शिल्पं पुरवली, त्यांची नावं माणसांनीच दिलेली. तिथे चूक असेल तर ती आता कातडीच्या रंगासकट पक्की होते. खरा उपयोग त्रिमितीय मापनाचा आहे. दोन डोक्यांच्या बटा पडद्यावर एकमेकींवर ठेवून पाहता येतात, आणि ‘मला तसं वाटतं’ याला थोडा लगाम बसतो.

नावाचा प्रश्न आता कोर्टातही जातो. क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयाने १९८६ मध्ये ब्राँझचा एक उत्तरीयधारी पुतळा घेतला, बहुधा मार्कस ऑरेलियस म्हणून. तुर्कस्तानातल्या बुबोन इथल्या सम्राटपूजेच्या वास्तूतून तो चोरीला गेल्याचा वाद २०२३ मध्ये कोर्टात गेला. तिथे मार्कस ऑरेलियसचं नाव कोरलेला चौथरा आहे. संग्रहालयाने पाटी बदलली आणि सम्राटाचा नुसता ‘वस्त्रधारी पुरुष’ झाला. शेवटी माती आणि शिसं तपासल्यावर तो बुबोनचाच ठरला आणि २०२५ मध्ये परत गेला. ज्याच्या नावावरून एवढं रामायण झालं, त्या पुतळ्याला डोकंच नाही.