‘पर्यायी’ या विशेषणाचा विचार : छायाचित्र-मुद्रणाच्या जुन्या प्रक्रियांवरील एका परिषदेच्या निमित्ताने

१

छायाचित्र कागदावर उमटविण्याच्या ज्या प्रक्रिया एकोणिसाव्या शतकात प्रचारात होत्या आणि ज्यांची जागा पुढे चांदीचे क्षार व जिलेटिन यांचा लेप दिलेल्या तयार कागदाने घेतली, त्यांना आज इंग्रजीत व तिच्या अनुकरणाने इतर भाषांतही ‘पर्यायी प्रक्रिया’ असे सामुदायिक नाव आहे. मिठाच्या पाण्यात भिजवून चांदीच्या क्षाराने प्रकाशग्राही केलेला कागद, लोहक्षारांपासून निळे चित्र देणारा सायनोटाइप, प्लॅटिनम-मुद्रण, तसेच डिंक व डायक्रोमेट यांच्या मिश्रणात रंगद्रव्य कालवून केलेले गम-मुद्रण, या त्यांतील प्रमुख होत. या विषयावर इंग्लंडमध्ये भरलेल्या एका परिषदेस व तिला जोडून योजलेल्या कार्यशाळांस उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. लेखकाचा विषय भाषाविज्ञान असल्यामुळे त्याने तेथे वाचलेला निबंधही या प्रक्रियांच्या नावांविषयीच होता. परिषदेचा वृत्तान्त सादर करणे हा या लेखाचा हेतू नाही. तेथे जे ऐकले, जे पाहिले आणि जे स्वतःच्या हाताने करून पाहिले, त्यावरून ‘पर्यायी’ या एका विशेषणाने संपूर्ण कलाव्यवहाराचे आकलन कसे बिघडते, एवढेच दाखवावयाचे आहे.

२

विशेषणे पुष्कळदा वस्तूच्या गुणापेक्षा तिच्या शेजाऱ्याविषयी अधिक सांगतात. यंत्रमाग येईपर्यंत मागाला ‘हातमाग’ म्हणण्याची गरज कोणाला भासली नव्हती. माग म्हणजे हाताने चालणारा, हे गृहीतच होते. यंत्रमाग रूढ झाल्यावर मागाच्या घडणीत काडीचाही फरक न पडता त्याच्या नावास मात्र उपाधी जोडावी लागली. भाषाविज्ञानात त्रुबेत्स्कॉयने ध्वनींच्या संदर्भात मांडलेला आणि पुढे व्याकरण व अर्थविचार यांपर्यंत विस्तारलेला चिन्हित-अचिन्हित हा भेद येथे नेमका लागू पडतो. जे सार्वत्रिक, ते विशेषणाविना वावरते. जे कडेला सरते, त्याला खूण लागते.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याच्या प्रकाशरेखनाविषयीचा निबंध ३१ जानेवारी १८३९ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, तेव्हा ही प्रक्रिया कशाचाही पर्याय नव्हती. जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये सायनोटाइप प्रसिद्ध केला, तेव्हाही तो पर्याय म्हणून पुढे आला नाही. हर्शेल हा नावे देण्याच्या बाबतीत विलक्षण दक्ष पुरुष होता. ‘फोटोग्राफी’ ही संज्ञा त्याने मार्च १८३९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली (ब्राझीलमध्ये अर्क्युल फ्लोरांस याने तिच्याशी समरूप फ्रेंच संज्ञा त्याआधीच स्वतंत्रपणे योजली होती). ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ ही जोडीही त्याचीच. सायनोटाइप हे नावही प्रक्रियेच्या स्वतःच्या गुणावरून, म्हणजे तिच्या निळेपणावरून, घडविलेले आहे. या तुलनेत ‘पर्यायी’ हे नाव अभावावर उभे आहे. जे कारखान्यातून तयार येत नाही ते सर्व पर्यायी, अशी ही व्याख्या होय. आता संगणकीय चित्रणाच्या प्रसारानंतर, ज्या चांदी-जिलेटिनच्या कागदाला मध्यवर्ती मानून हा वर्ग आखला गेला, तो कागदही परिषदेतील काही वक्त्यांनी याच वर्गात घातला. ज्याच्यामुळे बाकीचे पर्यायी ठरले तेच पर्यायी ठरावे, यावरून त्या वर्गास स्वतःचे लक्षण नाही हे उघड होते.

मराठीत हा शब्द आणताना आणखी एक अडचण संभवते. आपल्या कोशपरंपरेत ‘पर्याय’ म्हणजे समानार्थक शब्द. ‘पर्यायी’ म्हणताच, आशय तोच आणि चिन्ह तेवढे निराळे, अशी सूचना मराठी वाचकाच्या मनात आपोआप उमटते. तेव्हा प्रश्न असा की, या प्रक्रिया खरोखर परस्परांचे पर्यायशब्द आहेत काय? एकच निगेटिव्ह घेऊन निळ्या लोहक्षारात, प्लॅटिनममध्ये व डिंकात तीन चित्रे उमटविली, तर आपण एकच गोष्ट तीनदा सांगितली असे म्हणता येईल काय?

३

या प्रश्नाचे उत्तर लेखकास निबंधवाचनाच्या सभागृहात मिळाले नाही. ते कार्यशाळेतील पाण्याच्या तसराळ्यात मिळाले. सायनोटाइपची कृती सांगावयास सोपी आहे. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे समभाग मिसळून मंद दिव्यात कागदावर लेप द्यावयाचा, तो अंधारात वाळवावयाचा आणि वर निगेटिव्ह वा एखादी वस्तू दाबून ऊन दाखवावयाचे. अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस रूप होते, त्याचा फेरिसायनाइडशी संयोग होऊन प्रशियन ब्लू हे अविद्राव्य निळे द्रव्य तयार होते, आणि जेथे ऊन पोहोचले नाही तेथील क्षार साध्या पाण्याने धुऊन जातात.

लेखकाने टिपण समोर ठेवून, त्यात दिलेली मिनिटे घड्याळावर मोजून आपला कागद उचलला. मध्यंतरी आभाळ भरून आले होते, याची नोंद घड्याळात नव्हती. कागद पाण्यात घालताच निळा रंग सुटून वाहू लागला आणि मागे फिकट छटा तेवढी उरली. शेजारच्या मेजावर कार्यशाळेच्या संचालिका घड्याळाकडे पाहतच नव्हत्या. चौकटीची एक बाजू उचलून त्या लेपाचा रंग पाहत होत्या. उन्हात उघडा राहिलेला भाग निळा होऊन थांबत नाही. तो पुढे करडा, काहीसा धातूसारखा दिसू लागतो, आणि तसा दिसला की कागद काढावयाचा. ही खूण टिपणातही दिलेली होती. परंतु संख्या दिसली की वाचक वर्णन ओलांडून जातो, तसे लेखकाने केले होते. चूक टिपणाची नव्हे, वाचनाची होती.

या प्रसंगावरून दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, प्रत्येक प्रक्रियेची सिद्धीची खूण वेगळी असते. सायनोटाइपमध्ये ती रंगपालटात असते. गम-मुद्रणात उन्हाने कडक झालेला डिंक टिकतो व न झालेला पाण्यात सुटतो, म्हणून तेथे लक्ष धुण्यावर ठेवावे लागते. प्लॅटिनममध्ये चित्र प्रथम अस्फुट असते व विकासकद्रव्यात घालताच प्रकट होते. म्हणजे घाई, संयम आणि दुरुस्तीची संधी यांच्या जागा प्रत्येक प्रक्रियेत निराळ्या आहेत. दुसरी गोष्ट अशी की, फळही निराळे आहे. प्लॅटिनमची छटांची श्रेणी लांब व सौम्य असून त्याचे चित्र कागदाच्या तंतूंत बसलेले असते. गमचे चित्र रंगद्रव्याच्या थरांचे असते, म्हणून तेथे सूक्ष्म तपशील गळतो व भरड पोत वर येतो. सायनोटाइपला निळ्यावाचून गती नाही. ज्यांची घडण, मर्यादा व परिणाम इतके भिन्न, त्यांना पर्यायशब्द म्हणता येणार नाही. किंबहुना भाषेतही संपूर्ण पर्यायशब्द क्वचितच असतात. ‘जल’ आणि ‘पाणी’ यांचा पदार्थ एकच असला, तरी तहानलेला मनुष्य जल मागत नाही.

४

प्रक्रियेची निवड म्हणजे अर्थाचीच निवड होय, हे सिद्ध करणारा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत चोख दाखला ॲना ॲटकिन्स हिच्या ग्रंथाचा आहे. ब्रिटिश शैवालांच्या सायनोटाइप चित्रांचा हा ग्रंथ ऑक्टोबर १८४३ पासून भागाभागाने निघू लागला आणि १८५३ मध्ये पूर्ण झाला. छायाचित्रांनी सजविलेला पहिला ग्रंथ म्हणून त्याची ख्याती आहे. टॅल्बटचे ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ त्यानंतर, १८४४ मध्ये, निघू लागले. विल्यम हार्वी याचे शैवालांवरील पुस्तक १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यात आकृत्या नव्हत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी ॲटकिन्सने वाळविलेली शैवाले थेट लेपावर ठेवून उन्हात धरली. येथे ना कॅमेरा, ना निगेटिव्ह. त्यामुळे आकार मूळ वस्तूएवढाच राहतो, चित्रकाराच्या हाताची मध्यस्थी टळते, आणि शैवालाचे पातळ अंग थोडा प्रकाश जाऊ देत असल्याने त्याची जाडी-विरळता निळ्याच्या कमी-अधिक छटांतून दिसते. समुद्रातील वनस्पती निळ्यावर पांढरी उमटते, हा तर अनायासे लाभलेला अलंकार.

तथापि, या ग्रंथाची स्तुती करताना त्यातील उणीव झाकण्याचे कारण नाही. हार्वीने शैवालांचे गट पाडताना लाल, तपकिरी व हिरवा हा रंगभेद महत्त्वाचा मानला होता. आणि सायनोटाइपमध्ये नेमका तोच भेद लोपतो. ॲटकिन्सने आकार मिळविला, रंग गमावला. अशी देवघेव प्रत्येक माध्यमात अटळ असते. ती कशासाठी केली, हे पाहावे लागते. सूक्ष्म, शाखाबहुल आकार हुबेहूब हाती यावेत हा तिचा उद्देश होता आणि त्या उद्देशास हीच प्रक्रिया सर्वाधिक जवळची होती. क्षेमेंद्राने काव्यासंबंधी मांडलेला औचित्यविचार या दृष्टीने माध्यमालाही लावता येतो. जे ज्याला अनुरूप, ते उचित. आणि अनुरूपता ही विशेषणाने सिद्ध होत नाही, प्रयोजनाने होते.

भाषेच्या अभ्यासकास या ग्रंथात आणखी एक विशेष जाणवतो. त्यातील मजकूरही खिळ्यांनी छापलेला नाही. ॲटकिन्सचे हस्ताक्षरच त्याच निळ्या लेपावर उन्हाने उमटविलेले आहे. शब्द आणि चित्र एकाच द्रव्यात, एकाच कृतीने सिद्ध झाले आहेत.

५

हा निकष परिषदेतील प्रदर्शनास लावला असता निराशा पदरी पडते, हे सांगणे प्राप्त आहे. तेथे कौशल्याची वाण नव्हती. परंतु पुष्कळशा चित्रांत प्रक्रिया हाच विषय झाला होता. लेपाचे मुद्दाम सोडलेले ओबडधोबड काठ, कुंचल्याचे फराटे, कागदाच्या कडा, हे सर्व ‘हाताने केले’ याची ग्वाही देण्यास तत्पर होते. काय दाखविले आणि याच द्रव्यात का दाखविले, याविषयी मात्र ती चित्रे मूक होती. चित्राशेजारच्या पाट्यांवर रसायनांची नावे तपशिलाने दिलेली, आणि विषयाचा निर्देश एखाद्या शब्दात उरकलेला. आपल्याकडे दुर्मिळ वृत्तात रचना केल्याचा निर्देश कवितेखाली करण्याची हौस काहींना असते. तिची आठवण या पाट्या पाहून झाली.

दुसरा आक्षेप निबंधांतील वारंवार येणाऱ्या एका द्वंद्वाविषयी आहे. यंत्राच्या निर्जीवतेविरुद्ध हाताची सजीवता, अशी मांडणी अनेकांनी केली. वस्तुस्थिती निराळी आहे. या प्रक्रियांना अतिनील प्रकाश पुष्कळ लागतो, त्यामुळे लहान निगेटिव्ह मोठे करून मुद्रण करणे सहसा साधत नाही. निगेटिव्ह चित्राएवढेच असावे लागते. असे निगेटिव्ह आज बहुधा संगणकावर सिद्ध करून पारदर्शक पत्र्यावर शाईच्या मुद्रकाने काढतात. डॅन बर्कहोल्डर याचे या विषयावरील पुस्तक १९९५ मध्ये निघाले, तेव्हापासून ही वाट रुळली. म्हणजे ज्या यंत्राला पर्याय म्हणून ही कला मिरविते, त्याच यंत्राच्या खांद्यावर ती उभी आहे. यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही. परंतु ‘पर्यायी’ या शब्दामुळे हे सहकार्य डोळ्यांआड होते आणि विरोधाचे नाट्य तेवढे उरते.

६

निबंधानंतरच्या चर्चेत एका श्रोत्याने विचारले, ‘तुमच्या भाषेत फोटोग्राफला काय म्हणतात?’ ‘छायाचित्र’ हा शब्द सांगून त्याचा अर्थ उलगडला, तेव्हा सभागृहात थोडी कुजबुज झाली. तिचे कारण असे की, टॅल्बटच्या १८३९ मधील निबंधात छाया स्थिर करण्याच्या कलेविषयी एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि आरंभी छायालेखन अशा अर्थाचा ग्रीक शब्दही त्याने आपल्या प्रक्रियेसाठी योजला होता. युरोपातील भाषांनी पुढे प्रकाशाची बाजू घेतली. मराठीने ‘प्रकाशचित्र’ हा शब्द जवळ असूनही छायेची बाजू अधिक रूढ केली. ॲटकिन्सची शैवाले पाहिल्यावर मराठी शब्द निदान या चित्रांपुरता तरी अधिक नेमका वाटतो. तेथे उरले आहे ते प्रकाशापासून राखलेले पांढरे स्थान, म्हणजे छायाच.

तेव्हा परिभाषा घडविताना ‘पर्यायी’ हे आयते विशेषण मराठीने उचलू नये, असे सुचवावेसे वाटते. शक्य तेथे प्रत्येक प्रक्रिया तिच्या द्रव्यावरून ओळखावी. समूहवाचक नाव हवेच असेल, तर ‘हस्तलेपित मुद्रण’ म्हणावे. मुद्रण करणारा आपल्या कागदास स्वतः लेप देतो, हे आजच्या या व्यवहाराचे भावरूप लक्षण आहे. प्लॅटिनमचा व निळ्या नकाशांचा कागद एके काळी बाजारात तयार मिळत असे, म्हणून हे नाव इतिहासास पूर्णपणे लागू पडणार नाही, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. परंतु ते काय नाही हे न सांगता काय आहे हे सांगते, आणि लेप देणाऱ्यास त्याच्या निवडीचे उत्तरदायित्व देते. फिकट पडलेला तो पहिला कागद लेखकाने जपून ठेवला आहे; त्याला दुसऱ्या कशाचा पर्याय म्हणून मिरविता येत नाही, हाच त्याचा उपयोग.