संगीतकार बदलला म्हणून जादू गेली का?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या सगळ्यांसाठी आजचा लेख आहे. विषय वाटेल गमतीचा, पण माझे सहा महिने त्यात गेलेत, त्यामुळे जरा मन लावून वाचा.

हॅरी पॉटरचे आठही चित्रपट नसतील पाहिले, तरी एखादा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. सुरुवातीची ती काचेवर थेंब पडल्यासारखी धूनही आठवत असेल. या चित्रपटांबद्दल गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतं : "जॉन विल्यम्स गेले आणि जादू गेली." मीही तेच म्हणायचे. नुसतं म्हणून थांबले नाही, ते सिद्ध करायला निघाले.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला. आठ चित्रपट, चार संगीतकार, आणि प्रत्येक चित्रपटात विल्यम्स यांची मूळ धून किती वेळा येते त्याची मोजणी. रात्र रात्र हेडफोन लावून बसले. पुढच्या चित्रपटांत आकडा घसरत गेला आणि मी खूश झाले. निष्कर्ष तयार होता : संगीतकार बदलले, सलगता तुटली, जादू ओसरली. समितीपुढे सादरीकरण झालं. शेवटच्या खुर्चीत बसलेल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हा फरक संगीतकारामुळे पडला, दिग्दर्शकामुळे नाही, हे तू कशावरून म्हणतेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आकडे मी इथे देत नाही, कारण आकडे बरोबर होते की चूक हा मुद्दाच नव्हता. मोजण्याआधी विचारायचा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

आता हा प्रश्न आपण दोघं मिळून सोडवू. आधी नीट मांडणी करू या. पहिले दोन चित्रपट, 'फिलॉसॉफर्स स्टोन' (२००१) आणि 'चेंबर ऑफ सीक्रेट्स' (२००२) : दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, संगीत विल्यम्स. तिसरा, 'प्रिझनर ऑफ अझकाबान' (२००४) : दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन, संगीत पुन्हा विल्यम्स. चौथा, 'गॉब्लेट ऑफ फायर' (२००५) : दिग्दर्शक माइक न्यूवेल, संगीत पॅट्रिक डॉयल. पाचवा आणि सहावा, 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स' (२००७) आणि 'हाफ-ब्लड प्रिन्स' (२००९) : दिग्दर्शक डेव्हिड येट्स, संगीत निकोलस हूपर. शेवटचे दोन, म्हणजे 'डेथली हॅलोज'चे दोन भाग (२०१० आणि २०११) : दिग्दर्शक येट्सच, संगीत आलेक्झांद्र देस्प्ला.

ही यादी कागदावर लिहा आणि दोन मिनिटं नुसती बघा. काही दिसतं का?

मला तेव्हा दिसलं नव्हतं. चार संगीतकार आहेत तसे दिग्दर्शकही चारच आहेत, आणि त्यांच्या बदलाच्या जागा सगळीकडे जुळत नाहीत. कोलंबसकडून क्वारोनकडे जाताना दिग्दर्शक बदलतो, संगीतकार तोच राहतो. हूपरकडून देस्प्लाकडे जाताना संगीतकार बदलतो, दिग्दर्शक तोच राहतो. म्हणजे तुलनेच्या दोन चांगल्या जोड्या आयत्या हातात आहेत. विज्ञान शाखेची मुलं प्रयोगशाळेत एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलतात. आपल्याला तशी सोय नसते, पण कधी कधी इतिहासच ती करून ठेवतो. आपण फक्त ती ओळखायची असते.

पहिली जोडी घेऊ. विल्यम्स तेच, दिग्दर्शक वेगळा.

आधी ती मूळ धून, 'हेडविग्ज थीम'. ती वाजते सेलेस्टावर. हे पेटीएवढं नाही, लहान पियानोएवढं वाद्य, पट्ट्या पियानोसारख्याच, पण आतल्या हातोड्या पोलादी पट्ट्यांवर पडतात, म्हणून तो टिणटिण आवाज. चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' (१८९२) या बॅलेपासून पाश्चात्त्य कानाला हा आवाज परीकथेचा वाटत आला आहे. तेव्हा निम्मी जादू वाद्याच्या निवडीतच आहे. उरलेली निम्मी स्वरांत आहे. धुनेचा आधारस्वर सा मानला तर पहिल्या ओळीत शुद्ध रिषभ ठळक येतो, आणि ओळ संपता संपता त्याच्या जागी अचानक कोमल रिषभ लागतो. कानाखालची जमीन किंचित सरकते. शाळेत हार्मोनियम शिकला असाल तर वाजवून बघा, लगेच कळेल. (यावरून ही धून अमुक रागात आहे असं मात्र लिहू नका. सरगम ही इथे आपली लिहिण्याची सोय आहे, त्या संगीताचं व्याकरण नव्हे.)

आता तिसऱ्या चित्रपटाकडे या. क्वारोन आल्यावर विल्यम्स यांनी काय केलं? हेडविगची धून ठेवली आणि पहिल्या दोन चित्रपटांतल्या स्वतःच्याच बहुतेक धुना बाजूला ठेवल्या. त्या जागी आले मुलांच्या गायनवृंदाने म्हटलेले 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींचे शब्द, रेकॉर्डर नावाची जुनी युरोपीय बासरी, आणि हॅरी बकबीकवर बसून उडतो तेव्हाचा तो नगाऱ्यांचा गडगडाट. 'अ विंडो टू द पास्ट' ही रेकॉर्डरवरची धून ऐका. पहिल्या चित्रपटातलं संगीत प्रत्येक वळणावर आपला हात धरून "बघ, किती छान!" म्हणत असतं. इथे ते मागे सरकून हॅरीला एकटं सोडतं. आई-वडिलांबद्दल ऐकणाऱ्या मुलाला तेवढी जागा हवीच असते. आठ चित्रपटांतलं माझ्या मते हे सर्वांत उत्तम संगीत.

पण माझ्या तक्त्याचं काय झालं ते बघा. "संगीतकार बदलले म्हणून सलगता तुटली" हे माझं वाक्य होतं. प्रत्यक्षात मालिकेतला पहिला मोठा खंड पडला तेव्हा संगीतकार बदललेलाच नव्हता! विल्यम्स यांची सलगता विल्यम्स यांनीच मोडली, आणि त्यातून संगीत सुधारलं. माझं गृहीतक एका जोडीतच कोसळलं.

शिवाय 'विल्यम्स' हा रकानासुद्धा वाटतो तितका स्वच्छ नाही. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी ते दुसऱ्या कामात अडकले होते, म्हणून त्यांच्या संगीताची जुळणी आणि वाद्यवृंदाचं संचालन विल्यम रॉस यांनी केलं. तक्त्यात एक नाव लिहिलं की एक माणूस डोळ्यापुढे येतो. चित्रपटसंगीतात त्या नावामागे बऱ्याचदा अख्खी तुकडी असते.

दुसरी जोडी. येट्स तेच, संगीतकार वेगळा.

हूपर यांना फार लोक हिशोबात धरत नाहीत. येट्सबरोबर त्यांनी आधी दूरदर्शन मालिका-चित्रपटांसाठी काम केलं होतं, आणि ती सवय ऐकू येते : लहान आकार, आटोपशीर वाक्यं. पण अम्ब्रिजबाईंची धून ऐका. गुलाबी कपडे, गोड हसू, आणि मुलांच्या हातावर रक्ताने अक्षरं उमटवणारी शिक्षा. असं पात्र आलं की बहुतेक संगीतकार खर्जात शिरतील. हूपर यांनी तिला नीटनेटकी, ठुमकत चालणारी, जवळजवळ गुणगुणावीशी धून दिली. बाईंना स्वतःबद्दल जे वाटतं तेच संगीत सांगतं, आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो. जुलूम करणाऱ्या माणसाला आपण शिस्तप्रिय आणि प्रेमळ आहोत असंच वाटत असतं, हे संवादाआधी संगीताने सांगितलं आहे. "विल्यम्सनंतर काही उरलं नाही" म्हणणाऱ्यांनी हा एक प्रसंग ऐकून दाखवावा.

आता हूपर आणि देस्प्ला यांची तुलना करू, पण सगळं एकदम नको. एकच भावना घ्या : शोक. 'हाफ-ब्लड प्रिन्स'च्या शेवटी डम्बलडोर गेल्यावर मुलं आणि शिक्षक छड्या वर धरतात. तिथे हूपर यांचं तंतुवाद्यांचं संथ संगीत आहे. घटना घडून गेली आहे, सगळे एकत्र उभे आहेत, संगीत त्या सगळ्यांच्या वतीने रडतं. देस्प्ला यांनी शेवटच्या चित्रपटात उलट केलं. चित्रपट सुरू होतो तोच शब्दांविना गाणाऱ्या एका स्त्रीच्या आवाजाने. हा आवाज कुणाचा, कुणासाठी, आपल्याला माहीत नसतं. पुढे स्नेपच्या आठवणी उलगडतात तेव्हा कळतं की ही लिलीची धून, हॅरीच्या आईची. म्हणजे शोक आधी आला, कारण मागून आलं. हूपर यांचा शोक निरोपाचा आहे, देस्प्ला यांचा शोक वर्षानुवर्षं कुणालाही न सांगता जपलेला.

दिग्दर्शक एकच असल्यामुळे हा फरक संगीतकाराचा म्हणण्याला थोडा आधार मिळतो. थोडाच, पूर्ण नाही. कथा वेगळी आहे, प्रसंग वेगळे आहेत. चांगली जोडी एक घटक बाजूला काढते, सगळे काढत नाही. प्रबंधात हे वाक्य प्रामाणिकपणे लिहा. परीक्षकाने विचारायच्या आधी तुम्हीच लिहिलेलं बरं.

राहिले डॉयल. इथे खरी पंचाईत आहे. चौथ्या चित्रपटात दिग्दर्शकही नवा आणि संगीतकारही नवा, आणि दोघंही एवढ्या एका चित्रपटापुरतेच. त्यात न्यूवेल आणि डॉयल जुने सहकारी : 'इन्टू द वेस्ट' आणि 'डॉनी ब्रास्को' दोघांनी मिळून केलेले. इथे कोणती गोष्ट कुणाची हे वेगळं काढण्याचा मार्गच नाही. (गंमत बघा, ज्या क्वारोननी तिसरा चित्रपट विल्यम्स यांच्याबरोबर केला, त्यांच्या आधीच्या 'अ लिटल प्रिन्सेस' आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ला संगीत डॉयल यांचंच होतं. ती जोडी अझकाबानला पुन्हा जमली असती, तर आपल्याला वेगळीच तुलना मिळाली असती!)

मग डॉयलना सोडून द्यायचं का? नाही. कारण सांगता येत नसलं तरी वर्णन करता येतं, आणि समीक्षेचं निम्मं काम चांगलं वर्णन हेच असतं. चक्रव्यूहातून हॅरी सेड्रिकचा मृतदेह घेऊन परततो तो प्रसंग आठवा. मैदानावरचा बँड विजयाची धून वाजवायला लागतो, लोक टाळ्या पिटतात, आणि हळूहळू एकेकाला कळतं की काय झालंय. हे पार्श्वसंगीत नव्हे, कथेतल्याच माणसांनी वाजवलेलं संगीत आहे, त्यामुळे त्याला चूक करता येते. पार्श्वसंगीताला नेहमी सगळं आधीच ठाऊक असतं. त्या बँडला नव्हतं. एरवी डॉयल यांचं संगीत मला जड आणि पितळी वाटतं, त्याला श्वास घ्यायला जागा कमी. पण हा एक प्रसंग मालिकेत दुसऱ्या कुणालाही साधलेला नाही.

आणखी एक चूक कबूल करते. सुरुवातीला मी बरंच काम साउंडट्रॅक अल्बम ऐकून केलं होतं. अल्बम म्हणजे चित्रपट नव्हे. हूपर यांची 'इन नॉक्टेम' ही गायनवृंदाची रचना अल्बममध्ये आहे, तिचा प्रसंग मात्र चित्रपटातून कापला गेला. नुसता अल्बम ऐकून मी चित्रपटात नसलेल्या संगीताचं विश्लेषण करून बसले असते. तुमचा विषय कोणताही असो, स्वतःला विचारा : मी ज्याच्याबद्दल बोलतेय तीच वस्तू माझ्या हातात आहे का? कवितेवर काम करत असाल तर कोणती आवृत्ती? नाटकावर करत असाल तर संहिता की प्रयोग?

आणि आधी कुणी काय केलंय ते बघा. ओरेगॉन विद्यापीठात जेमी लिन वेबस्टर यांनी २००९ मध्ये पहिल्या पाच चित्रपटांच्या संगीतावर अख्खा प्रबंध लिहिला, सलगता आणि बदल याच विषयावर. मला तो सादरीकरणानंतर सापडला. आधी सापडला असता तर सहा महिने वाचले असते. पण ग्रंथालयात बसून शोधण्यापेक्षा हेडफोन लावून बसणं मला जास्त आवडत होतं, खरं कारण तेवढंच.

आता शेवट. शेवटच्या चित्रपटाचा उपसंहार, एकोणीस वर्षांनंतरचा रेल्वे प्लॅटफॉर्म. हॅरी स्वतःच्या मुलांना गाडीत बसवतोय. आणि तिथे देस्प्ला नाही, विल्यम्स वाजतात : पहिल्या चित्रपटात हॅरी हॉगवर्ट्स सोडून निघतो तेव्हाचं संगीत. मी जितक्या वेळा पाहते तितक्या वेळा डोळे भरतात. जुना तक्ता म्हणाला असता, "बघा, शेवटी विल्यम्सकडेच परतावं लागलं!" पण डोळे का भरतात? विल्यम्स श्रेष्ठ म्हणून, की त्या संगीतानंतर मध्ये दहा वर्षं आणि तिघांचं संगीत गेलं म्हणून? लहानपणीची धून मोठेपणी ऐकायची तर मध्ये दुसरं काही तरी वाजून गेलेलं असावं लागतं. विल्यम्सनीच आठही केले असते, तर त्या प्लॅटफॉर्मवर ती धून परत आलीच नसती, कारण ती कधी गेलीच नसती.

हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आता निदान मला माहीत आहे की मी काय सिद्ध करू शकते, काय दाखवू शकते आणि काय फक्त ऐकू शकते. त्या बाईंचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. तुम्हीही तुमचा तक्ता भरायच्या आधी तो लिहून ठेवा : हा फरक ज्याच्यामुळे पडला असं मी म्हणतेय, त्याच्याबरोबर आणखी काय काय बदललं?