तेलदूषित मृदा आणि सूक्ष्मजीव : एका प्रचलित मांडणीचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :
तेलाने दूषित झालेल्या मृदेचे सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने शुद्धीकरण, म्हणजेच जैवोपचार, हा विषय विज्ञान शाखेच्या अभ्यासक्रमात आता स्थिरावला आहे. पनवेल परिसरासाठी तो केवळ पाठ्यपुस्तकापुरता मर्यादित नाही. महामार्गालगतच्या गॅरेजांभोवती वापरलेले इंजिन ऑइल जमिनीत मुरते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदरानजीक ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजा-३’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेल्या सुमारे ८०० टन तेलाचा काही अंश शेजारच्या उरणच्या कांदळवनापर्यंत पोहोचला होता.

प्रचलित मांडणी :
‘तेल खाणारा जिवाणू शोधावा, तो जमिनीत सोडावा, जमीन शुद्ध होते’ असे या विषयाचे सर्वसाधारण कथन असते. आनंद चक्रवर्ती यांच्या सुधारित स्यूडोमोनास जिवाणूचे उदाहरण त्यात हमखास येते. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पेटंटयोग्य ठरविला, हे खरे. परंतु प्रत्यक्ष तेलगळतीवर तो कधी वापरला गेला नाही, हे क्वचितच सांगितले जाते. भारतात ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑइलझॅपर’ या जिवाणूमिश्रणाचा तेलक्षेत्रांतील वापर निश्चितच उल्लेखनीय आहे. तथापि तेथील यश खाऱ्या, चिखलमय मृदेला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

चिकित्सा :
हायड्रोकार्बनचे विघटन करणारे जिवाणू बहुतेक मृदांत मुळातच असतात. उणीव असते ती प्राणवायू, नत्र व स्फुरद यांची. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून तेल सांडल्यावर किनाऱ्यांवर मुख्यतः खतांची मात्रा देण्यात आली. बाहेरून जिवाणू सोडण्याच्या चाचण्यांत खतांपेक्षा लक्षणीय अधिक लाभ दिसला नाही. उलट, प्राणवायू न पोहोचणाऱ्या थरांत ते तेल २००१ च्या सर्वेक्षणातही आढळले. खाडीकाठच्या चिखलात पृष्ठभागाखाली लगेचच प्राणवायू संपतो. तेथे गॅरेजच्या जमिनीप्रमाणे नांगरट करून हवा खेळविता येत नाही, कारण त्यामुळे कांदळाची मुळेच तुटतात. एकच उपाय दोन्हीकडे सुचविणे म्हणूनच शास्त्रीय ठरत नाही.

दुसरा आक्षेप मोजमापाविषयी आहे. ‘एकूण हायड्रोकार्बन इतके टक्के घटले’ एवढ्यावर यश जाहीर केले जाते. परंतु हलके घटक हवेत उडून जातात, मशागतीने दूषित माती स्वच्छ मातीत मिसळते आणि कोकणातील मुसळधार पावसात काही अंश वाहून ओढ्याला मिळतो. ही घट शुद्धीकरण नसून स्थलांतर आहे. शिवाय सरळ साखळीचे घटक लवकर विघटित होतात. बहुवलयी ॲरोमॅटिक संयुगे व डांबरसदृश घटक मागे राहतात. आरोग्याच्या दृष्टीने यांतील बहुवलयी संयुगेच अधिक चिंताजनक आहेत.

समारोप :
या टीकेचा अर्थ जैवोपचार निरुपयोगी आहे असा नाही. माती खणून अन्यत्र नेण्यापेक्षा वा जाळण्यापेक्षा तो अल्पखर्चिक व सौम्य आहे. मात्र उपचार न केलेला तुलना-वाफा, खोलीनिहाय नमुने, घटकनिहाय विश्लेषण आणि पावसाळ्यापूर्वीची व नंतरची मोजणी यांवाचून केलेला यशाचा दावा ग्राह्य धरू नये. महाविद्यालयीन प्रकल्पांतून यांपैकी तुलना-वाफ्याची अट तरी सहज पाळता येते. जिवाणूच्या पराक्रमाइतकेच मृदेच्या स्थितीचेही अध्यापन झाले, तरच हा विषय पनवेलच्या जमिनीच्या उपयोगी पडेल.