ऑर्वेलचे मराठी श्रोते

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीचे नाव निघाले की आठवतो तो भिंतीवरचा टेलिस्क्रीन: बोलणारा, पाहणारा आणि सामान्य पक्षसदस्याला बंद न करता येणारा. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची चर्चा बहुधा या डोळ्याभोवतीच फिरते. मराठी वाचकाने मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

१९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीच्या हिंदुस्थान विभागात नोकरीला होता. युद्धाची वार्तापत्रे तो इंग्रजीत लिही आणि त्यांची मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांत भाषांतरे होत. 'इन ट्रान्झिट' या इंग्रजी कादंबरीच्या लेखिका वेणू चितळे त्याच्या सहकारी होत्या. मजकूर आधी तपासला जाई. वाचणारा त्यापासून ढळला तर आवाज तोडण्याची सोय होती. 'छोडो भारत'चे पुढारी तुरुंगात असताना हे चालले होते. अखेर, आपल्या हातून व्यर्थ काम होत आहे असे वाटून त्याने राजीनामा दिला.

तेव्हा कचेरीत बसून जुन्या बातम्या बदलणारा विन्स्टन स्मिथ निव्वळ कल्पनेतून आलेला नाही. हे लक्षात घेतले की कादंबरीचा भर डोळ्यावरून आवाजावर सरकतो. पंच्याऐंशी टक्के प्रजेपैकी बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन नाहीच. यंत्राने रचलेली गाणी, भिकार वर्तमानपत्रे आणि लॉटरी एवढ्यावर ती प्रजा गप्प राहते. नोकरवर्गावर पहारा लागतो, प्रजेला करमणूक पुरते. शिवाय 'न्यूस्पीक' शब्दच कमी करत नेते, म्हणजे विरोधाचा विचार करायलाही शब्द उरू नये.

इथे मात्र कादंबरी उणी वाटते. घरात दुसरी भाषा असलेले एकही कुटुंब तिच्यात भेटत नाही. एकाच सभेची बातमी कन्नड आणि मराठी पत्रांत वाचणाऱ्या सीमाभागातल्या घराला, कोणी काय गाळले हे कोणी शिकवावे लागत नाही. आणीबाणीत (१९७५-७७) आकाशवाणी जे सांगत नसे, ते लोक बीबीसीवर ऐकत, तेही याच सवयीने.

पण ऑर्वेलच्या वार्तापत्रांचा धडा उलटाही आहे: आपल्या भाषेत बोलला म्हणून बोलणारा आपला होत नाही. आज हातातला फोन ज्याला त्याला त्याच्याच आवडीचे दाखवतो. घरातला आजोबा एक ऐकतो, नातू दुसरे. अशा वेळी घरात दोन्ही पत्रे येणे, आणि ती एकमेकांना वाचून दाखवणे, ही चैन नव्हे.