दयेच्या पुढचे पाऊल : ‘माय ब्रदर... निखिल’ या चित्रपटाच्या निमित्ताने

ओनीर यांनी दिग्दर्शित केलेला ‘माय ब्रदर... निखिल’ हा हिंदी चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला. चांदनी येथे काही धर्मशिक्षकांसमवेत आम्ही तो नुकताच पाहिला. चित्रपट संपला तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले होते. मग एका धर्मशिक्षकाने विचारले, “फादर, यातला माणूस मरतो. आमच्याकडचा जिवंत आहे, औषध फुकट मिळते, तरी तो घेत नाही. त्याला काय सांगावे?” या प्रश्नाच्या कसोटीवर प्रस्तुत चित्रपटाचे मूल्यमापन करण्याचा आमचा हेतू आहे.

या कथेमागे गोव्यातील डॉमिनिक डिसोझा यांचे जीवन आहे. रक्तदानानंतर त्यांना एच.आय.व्ही. असल्याचे उघडकीस आले आणि १९८९ साली त्यांना क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटे डांबून ठेवण्यात आले. गोव्याच्या तत्कालीन आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्यांच्या मातोश्री लूसी यांनी न्यायालयात दाद मागितली. १९९२ साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करून त्याच वर्षी डॉमिनिक निवर्तले. ते ख्रिस्ती होते. चित्रपटातील जलतरणपटूचे नाव निखिल कपूर आहे. दिग्दर्शकास ते स्वातंत्र्य आहेच. मात्र ही शोकांतिका दुसऱ्याच्या घरची, असे मानून आपण सुटका करून घेऊ नये.

निखिल तलावात उतरताच इतर पोहणारे बाहेर पडतात, हे दृश्य या चित्रपटाचे बलस्थान होय. रोग रक्तात असतो; एकटेपणा मात्र माणसे लादतात, हे तेथे शब्दांवाचून कळते. आईवडील पाठ फिरवतात, तेव्हा बहीण अनामिका आणि जोडीदार नायजेल त्याच्यापाशी राहतात. अशा नात्याविषयी चर्चची शिकवण वाचक जाणतात. तथापि रुग्णाची सोबत कोणी केली व कोणी टाळली, याचे उत्तरही आपल्याला द्यावे लागेल.

परंतु चित्रपटाची उणीवही येथेच आहे. कथा सांगतात ते मागे उरलेले आप्त. त्यामुळे निखिलचे दुःख आपणांस बाहेरून दिसते. त्याच्या मनातील काळोख फारसा दिसत नाही. शेवट मृत्यूने व वडिलांच्या पश्चात्तापाने होतो. कथेच्या काळापुरते हे खरे आहे, कारण अनेक औषधांचा प्रभावी एकत्रित उपचार १९९६ च्या सुमारास पुढे आला. पण १ एप्रिल २००४ पासून भारतात शासनाने मोफत उपचार सुरू केले होते. चित्रपट त्यानंतर आला, तरी प्रेक्षक मरणाऱ्यावर दया करण्यास शिकून घरी जातो; जगणाऱ्यास साथ कशी द्यावी, हे शिकत नाही.

आज नियमित औषधाने एच.आय.व्ही.बाधित व्यक्ती दीर्घकाळ जगू शकते. विषाणू चाचणीत दिसू नये इतका दबून राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. मात्र गोळी रोज व आयुष्यभर घ्यावी लागते. वारंवार चुकली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आणि गोळी चुकण्यामागे पुष्कळदा मनाचा आजार असतो. नैराश्याने ग्रासलेल्यास सकाळी उठणेही जड जाते. जगण्याचीच इच्छा नसेल, तर तो गोळी कशासाठी घेईल? कोणी लोकलज्जेने डबी लपवितो, कोणी दारूत वेळ विसरतो. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाविरेंझ या औषधाने काहींना भयंकर स्वप्ने पडत, चक्कर येई, मन खचे. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

अशा एका माणसाला आम्ही स्वतः अल्पविश्वासी म्हणून दरडावले होते. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. मरण मागत झुडपाखाली निजलेल्या एलीयाला (१ राजे १९) देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला, तेव्हा दुसऱ्यांदा येऊन तेच दिले. त्या दुसऱ्या खेपेचा धीर आमच्यापाशी नव्हता.

हे काम केवळ तज्ज्ञांचे नव्हे. गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार करून दाखविले. त्याचे अनुकूल निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो प्रयोग एच.आय.व्ही. रुग्णांपुरता नव्हता, तरी धर्मशिक्षकांस त्यातून बोध घेता येईल.

तेव्हा त्या धर्मशिक्षकास आमचे उत्तर असे : आधी काही सांगू नये, विचारावे. “गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?” असे न रागावता विचारावे, झोप, भूक, दारू यांची चौकशी करावी. प्रार्थना अवश्य करावी, पण गोळी सोडण्यास कधीही सांगू नये. त्याचा आजार त्याच्या संमतीवाचून कोणास, अगदी प्रार्थनासभेतही, सांगू नये. २०१७ च्या कायद्यानेही या गुप्ततेस संरक्षण दिले आहे. उपचार केंद्रातील समुपदेशकाकडे त्याच्याबरोबर जावे. तो मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

चित्रपट अवश्य दाखवावा. परंतु दिवे लागल्यावर ही चर्चा केल्यावाचून कोणासही घरी पाठवू नये.