स्मृतिभ्रंश, जनुके आणि घटते वजन : एका निष्कर्षाची चिकित्सा

स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात शरीराच्या वजनाचा प्रश्न दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने त्याकडे सर्वांचे लक्ष वेधले. १९,५८,१९१ व्यक्तींच्या वैद्यकीय नोंदी तपासून त्यात असे दाखविण्यात आले, की ज्यांचा बीएमआय २० पेक्षा कमी, त्यांना निरोगी वजनाच्या व्यक्तींपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका ३४ टक्के अधिक, तर ४० च्या वर बीएमआय असणाऱ्यांना २९ टक्के कमी. लठ्ठपणा मेंदूचे रक्षण करतो, असा सोयीस्कर अर्थ वृत्तपत्रांनी काढला. नमुना जितका मोठा तितका निष्कर्ष विश्वासार्ह, हा भाबडा समज त्यामागे होता.

वस्तुतः प्रश्न संख्येचा नसून काळाचा आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान होण्यापूर्वी कित्येक वर्षे मेंदूतील विकृती सुरू झालेली असते. गंधज्ञान मंदावते, जेवण झाले की नाही याचे भान सुटते, स्वयंपाकाचा क्रम लागेनासा होतो. पुढे सुरू होणारी डोनेपेझिलसारखी औषधेही काहींची भूक मारतात. अशा वेळी मोजलेले कमी वजन हे आजाराचे कारण मानणे म्हणजे धुरालाच अग्नीचे कारण समजणे होय. लंडनच्या ‘व्हाइटहॉल २’ या सरकारी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये हेच निदर्शनास आले : पन्नाशीतील लठ्ठपणा धोका वाढवितो, मात्र निदानाच्या सुमारे आठ वर्षे आधीपासून वजन उतरू लागते. त्याच वर्षी १३ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषणही याच दिशेने गेले.

जनुकीय पुरावा येथे निर्णायक ठरतो. जन्मतः लाभलेले जनुकीय भेद पुढे होणाऱ्या आजारामुळे बदलत नाहीत. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ३,९९,५३६ व्यक्तींच्या माहितीवरून कमी वजनाकडे नेणारे भेद पाहिले, तेव्हा त्यांचा अल्झायमरच्या वाढीव धोक्याशी संबंध आढळला नाही.

१९९३ पासून ज्ञात असलेल्या ‘एपीओई ई ४’ची गोष्ट निराळी. हे जनुक मेदवाहक प्रथिन घडविते, म्हणून वजनघट आणि स्मृतिनाश या दोहोंचे मूळ त्यातच शोधण्याचा मोह होतो. परंतु ई ४ धारकांमध्ये सुप्तावस्थेतील आजार अधिक असणार हे उघड आहे. तेव्हा त्यांची वजनघट जनुकाची की आजाराची, हा पेच कायम राहतो. शिवाय ई ४ हे केवळ जोखमीचे जनुक आहे, विधिलिखित नव्हे.

ब्रिटिश अभ्यासाचा आणखी एक दोष नोंदविला पाहिजे. त्यात सर्व प्रकारचे स्मृतिभ्रंश एकाच गोणीत भरले गेले. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात अनेक रुग्णांना गोडाची अनावर ओढ लागते व वजन वाढते. त्या प्रकाराशी निगडित ‘सी९ओआरएफ७२’ या जनुकातील दोष २०११ मध्ये उघडकीस आला. एपीओईशी त्याचा संबंध नाही.

भारतीय वाचकाने तर हे आकडे अधिकच जपून वापरावेत. हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासात ई ४ चे प्रमाण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या तुलनागटापेक्षा कमी आढळले होते. ज्या ग्रामीण समाजात अनेकांचा कृशपणा आयुष्यभराचा, अपुऱ्या आहारातून आलेला असतो, तेथे २० हा एकच आकडा फारसे काही सांगत नाही; त्याच व्यक्तीचे दहा वर्षांपूर्वीचे वजन मात्र पुष्कळ सांगू शकेल, आणि नेमकी तीच नोंद बहुतेक घरांत सापडत नाही.